मोगली, श्याम आणि बिग ब्रदर : कानांनी वाचायच्या १६ गोष्टी

पुस्तक मोठ्यानं वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि ज्याला हवं त्याला ऐकायला द्यायचं. काम एवढंच. पण या कामामागे किती गोष्टी दडल्या आहेत! त्यात रेल्वेचे रूळ आहेत, नाशिकचा तुरुंग आहे, लंडनचं रेडिओ केंद्र आहे आणि आपलं जबलपूरही आहे. मुलांची अभिजात पुस्तकं एका कपाटात आणि भविष्याचं भयाण चित्र रंगवणाऱ्या डिस्टोपियन कादंबऱ्या दुसऱ्यात, असं आपण मानतो. मात्र आवाजाच्या वाटेनं गेलं की दोन्ही कपाटं एकाच खोलीत सापडतात. चला तर मग, सिव्हिल लाइन्समधल्या जबलपूर स्टेशनावरूनच सुरुवात करू.

१. फॉगचा हत्ती आणि जबलपूरचा सांधा

७ मार्च १८७०. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या. उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. मुंबई ते कलकत्ता असा सलग लोहमार्ग तयार झाला. अमेरिकेतला समुद्र ते समुद्र रेल्वेमार्ग आणि सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुले झाले होते. या तिन्ही दुव्यांमुळे पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब ८० दिवसांत बसू लागला आणि १८७२ मध्ये याच ८० दिवसांच्या सफरीवरची ज्यूल व्हर्नची कादंबरी पॅरिसच्या दैनिकात क्रमशः छापून येऊ लागली.

मौज अशी, की कादंबरीत मध्य भारतातला रूळ अपुरा आहे. गाडी थांबते आणि फिलियस फॉग दोन हजार पौंड मोजून चक्क हत्ती विकत घेतो! खरा फॉग १८७२ मध्ये आला असता तर जबलपूरमार्गे झोपून अलाहाबादला पोहोचला असता. हे प्रकरण मुलांना वाचून दाखवताना इथे जरूर थांबा आणि खऱ्या रुळाची गोष्ट सांगा. दोन्ही गोष्टी मुलांच्या कायमच्या लक्षात राहतील.

२. मोगली शेजारच्या जिल्ह्यातला

‘जंगल बुक’मधलं लांडग्यांचं सिवनी जबलपूरच्या दक्षिणेला, नागपूरच्या वाटेवर आहे. रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. पण मोगलीच्या कथा त्यानं लिहिल्या अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये, कडाक्याच्या थंडीत. पुस्तक आलं १८९४ मध्ये. सातपुड्यातलं जंगल त्यानं उभं केलं ते बरंचसं इतरांच्या लेखनावरून. त्यात रॉबर्ट स्टर्नडेलचं सिवनीवरचं १८७७ चं पुस्तक मुख्य मानतात.

आणि लांडग्यांनी वाढवलेलं मूल? ही कल्पना त्याच्याही आधी एका जबलपूरकर अधिकाऱ्यानं कागदावर आणली होती. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन तो हाच. लांडग्यांच्या गुहेत वाढलेल्या मुलांच्या हकिकतींवर त्यानं लिहिलेली पुस्तिका १८५२ मध्ये छापली गेली. मुलांसाठी वर एक बोनस : याच स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीजवळ डायनासोरची हाडं सापडली होती. भारतात सापडलेले ते पहिले डायनासोर अवशेष!

३. एक शब्दही बदलायचा नाही

रोज रात्री तीच गोष्ट, त्याच शब्दांत, आणि एखादा शब्द गाळला तर लगेच निषेध. हा अनुभव घरोघरी येतो. किपलिंगच्या घरीही तेच होतं. थोरली लेक जोसेफिन बापाला गोष्टीत काडीचाही बदल करू देत नसे. ‘अशीच्या अशी’ सांगायची, असा तिचा हुकूम. त्यातूनच ‘जस्ट सो स्टोरीज’ हे नाव आलं. जोसेफिन १८९९ मध्ये सहा वर्षांची असताना न्यूमोनियानं गेली. पुस्तक आलं १९०२ मध्ये.

रेकॉर्ड केलेल्या गोष्टीचं मोठं बळ नेमकं इथेच आहे. ती शंभराव्यांदा लावली तरी शब्द तेच, थांबे तेच, सिंहाची डरकाळीही तीच. मोठ्यांना हा कंटाळा वाटतो. मुलांना मात्र पुढं काय येणार हे आधीच ठाऊक असण्यात केवढा आनंद असतो! भाषा त्यांच्या जिभेवर बसते ती अशाच पारायणांनी.

४. नावेत सांगितलेली ॲलिस

४ जुलै १८६२. ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या पात्रात एक नाव चालली होती. नावेत गणिताचे एक प्राध्यापक, त्यांचे एक मित्र आणि लिडेल घरच्या तीन बहिणी होत्या. मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला आणि प्राध्यापकांनी सशाच्या बिळात उतरणारी ॲलिस तिथल्या तिथे रचली. मधल्या ॲलिसनं ती लिहून मागितली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. प्राध्यापक म्हणजे लुईस कॅरॉल, आणि छापील पुस्तक १८६५ चं. जगभर गाजलेली ही कथा आधी ऐकली गेली आणि छापली गेली ती तीन वर्षांनी.

५. पाच दिवसांत लिहिलेल्या बेचाळीस रात्री

आपल्याकडचं सर्वांत लाडकं उदाहरण ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीला संपवली. अवघ्या पाच दिवसांत! पुस्तक १९३५ मध्ये आलं आणि आचार्य अत्र्यांच्या चित्रपटानं १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्याची बांधणी पुन्हा एकदा पाहा. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. आश्रमातले सोबती प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. म्हणजे गुरुजींनी पुस्तक लिहितानाच ते ऐकायच्या मापानं कापून ठेवलं आहे. एका रात्री एक फाइल. रेकॉर्ड करणाऱ्याला आखणी करायची गरजच नाही.

६. यंत्राचा पहिला शब्द बालगीताचा

१८७७ मध्ये एडिसननं फोनोग्राफ बनवला आणि कथिलाच्या पत्र्यावर पहिल्यांदा काय बोलला? मेरी नावाच्या मुलीच्या कोकराचं बालगीत! आवाज टिपून परत ऐकवणाऱ्या यंत्राचा श्रीगणेशा मुलांच्या साहित्यानं झाला. पुढच्याच वर्षी त्यानं या यंत्राचे उपयोग एका मासिकात मांडले. त्यात अंधांना आपोआप वाचून दाखवणारी ‘बोलकी पुस्तकं’ अगदी वरच्या क्रमांकावर होती. ऑडिओबुकची कल्पना रेडिओपेक्षाही जुनी आहे, ती अशी.

७. एका पुस्तकाच्या दहा तबकड्या

एडिसनची कल्पना प्रत्यक्षात यायला अर्धं शतक गेलं. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ब्रिटनमध्ये प्रयोग सुरू झाले आणि १९३५ मध्ये तिथली पहिली बोलकी पुस्तकं निघाली. एक होतं अगाथा ख्रिस्तीचं, दुसरं जोसेफ कॉनरॅडचं. तबकडी मुद्दाम सावकाश फिरवायची, मिनिटाला २४ फेऱ्या. तरी एका बाजूला मावायची जेमतेम २५ मिनिटं. एका कादंबरीला साधारण दहा तबकड्या लागायच्या. आज तेवढं सगळं आईच्या फोनच्या एका कोपऱ्यात बसतं.

भारतानंही इथे मान उंच करावी असं काम केलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती काढायला मोकळीक दिली. २०१४ मध्ये याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. दृष्टिहीनांसाठीचं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये उघडलं.

८. एकच गोष्ट, शेकडो आवाज

जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. त्याआधीच्या मध्य प्रांतातले आवाज एका विलक्षण ध्वनिसंग्रहात जपले गेले आहेत. जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात देशभरातल्या भाषा आणि बोली ग्रामोफोनवर टिपल्या गेल्या. तुलना करता यावी म्हणून बहुतेकांकडून एकच कथा वाचून घेतली : बायबलमधली, घर सोडून गेलेल्या आणि पस्तावून परतलेल्या धाकट्या मुलाची. गोष्ट एक, पण मराठी, गोंडी, हलबी अशा नाना मुखांनी सांगितलेली. यातल्या कित्येक तबकड्या आता डिजिटल रूपात इंटरनेटवर ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा सामान्य माणूस मोठ्यानं वाचताना कसा थांबायचा, कुठे सूर चढवायचा, हे कळायला याहून चांगला पुरावा नाही.

९. ‘१९८४’च्या लेखकाचे शब्द मराठी आवाजात

आता दुसरं कपाट उघडू. जॉर्ज ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३ चा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३ या काळात, तो बीबीसीच्या पौर्वात्य सेवेत भारतासाठी कार्यक्रम करत होता. युद्धाच्या घडामोडींवर तो जी वार्तापत्रं लिहायचा, त्यांतली काही अनुवादित होऊन गुजराती, बंगाली, तमिळ आणि मराठीतही वाचली जात. म्हणजे ‘१९८४’ हे बिग ब्रदरचं पुस्तक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या लेखकाचे शब्द लंडनहून मराठीत ऐकू आले होते.

त्या कार्यालयात त्याची एक सहकारी कोल्हापूरकडची होती : वेणू चितळे. ऑर्वेलनं रेडिओवर ‘व्हॉइस’ नावाचं कवितांचं मासिक चालवलं. त्याच्या १९४२ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत साडीतल्या वेणूताई दिसतात. पुढे १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही पुण्यातल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांवरची इंग्रजी कादंबरी आली. ‘१९८४’ वाचून दाखवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं प्रस्तावनेत हे नाव घ्यावं.

१०. परीकथा, पण डुकरांची

‘ॲनिमल फार्म’ १९४५ मध्ये आलं तेव्हा मुखपृष्ठावर उपशीर्षक होतं : ‘एक परीकथा’. लिहिण्याच्या दिवसांत ऑर्वेल रोजचा मजकूर रात्री अंथरुणात बायकोला, आयलीनला, वाचून दाखवायचा. युद्धाचा हिवाळा, घरात थंडी आणि मोठ्यानं वाचलेली जनावरांची गोष्ट! तिच्या सूचनांचा पुस्तकावर चांगला परिणाम झाला, असं तिच्या मैत्रिणींचं मत होतं. मोठ्यानं वाचून पारखलेलं गद्य असल्यामुळेच ते आजही जिभेवर इतकं सहज चढतं. छोटी वाक्यं, स्पष्ट पात्रं, भिंतीवर लिहिलेले आणि हळूच बदलले जाणारे नियम. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत ऐकायला सुरुवात करायची असेल तर डिस्टोपियाचं दार इथूनच उघडा.

११. कुणाचा आवाज उरला, कुणाचा हरवला

ऑर्वेल त्या दोन वर्षांत माइकसमोरही बोलला, पण त्याच्या आवाजाची एकही ध्वनिफीत आज उपलब्ध नाही. एवढा मोठा लेखक आणि त्याचा आवाज कसा होता हे कुणालाच ऐकता येत नाही.

उलट ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’च्या ऑल्डस हक्सलीनं १९५६ मध्ये अमेरिकन रेडिओवर आपल्याच कादंबरीच्या रूपांतराचं निवेदन केलं. ते आजही ऐकायला मिळतं. ‘हॉबिट’च्या टोल्किननं १९५२ मध्ये एका मित्राच्या घरी पहिल्यांदा टेपरेकॉर्डर पाहिला. यंत्रात सैतान असलाच तर तो पळावा म्हणून त्यानं आधी गॉथिक भाषेत प्रार्थना म्हटली आणि मग आपल्या पुस्तकातले उतारे वाचले. तेही रेकॉर्डिंग टिकलं आहे.

तुमच्या घरच्या आजी-आजोबांचा आवाज कुठे साठवलेला आहे का, हा प्रश्न इथे आपोआप पुढे येतो.

१२. देवासच्या दरबारातला भविष्यवेत्ता

माणसं जमिनीखालच्या खोल्यांमध्ये एकेकटी राहतात, एकमेकांना फक्त पडद्यावर भेटतात, व्याख्यानंही तिथेच ऐकतात आणि सगळं एका यंत्रावर चालतं. ही ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा १९०९ ची आहे. व्हिडिओ कॉलच्या शंभर वर्षं आधीची! हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या देवास थोरल्या पातीच्या मराठा संस्थानात महाराजांचा खासगी सचिव होता. तिथल्या आठवणींवर त्यानं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिलं. पुढे ऑर्वेलच्याच विभागातून तो भारतासाठी पुस्तकांवर रेडिओ भाषणं करायचा. त्याची ही कथा लहानशी आहे. दीड तासाच्या आत वाचून होते, म्हणून घरात मोठ्यानं वाचायच्या पहिल्या प्रयोगाला उत्तम.

१३. तिजोरीत झोपलेला डिस्टोपिया

मुलांचा लाडका व्हर्न इथे पुन्हा भेटतो. १८६३ मध्ये त्यानं ‘विसाव्या शतकातलं पॅरिस’ नावाची कादंबरी लिहिली. यंत्रं, व्यापार आणि हिशेब यांनी भरलेलं शहर आणि त्यात उपाशी मरणारा एक कवी. प्रकाशकानं ती नाकारली. हस्तलिखित १९८९ मध्ये त्याच्या पणतवाला कुटुंबाच्या जुन्या तिजोरीत सापडलं आणि १९९४ मध्ये छापलं गेलं. म्हणजे मुलांसाठी ८० दिवसांची सफर रंगवणारा हात आणि काळंकुट्ट भविष्य लिहिणारा हात एकच होता.

मराठीत व्हर्न फार लवकर आला. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात १९०० च्या सुमारास त्याची चंद्रसफर क्रमशः आली होती. पुढे ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या इतक्या चविष्ट मराठीत आणल्या, की कित्येक पिढ्यांना तो मराठीच लेखक वाटला.

१४. कानांविषयी दोन इशारे

डिस्टोपियन लेखकांनी आवाजाचं बळ ओळखलं होतं, तसा त्याचा धोकाही. एच. जी. वेल्सच्या १८९९ च्या ‘व्हेन द स्लीपर वेक्स’मध्ये भविष्यातले लोक वर्तमानपत्र वाचत नाहीत. चौकाचौकांत बडबडी यंत्रं त्यांना बातम्या ओरडून सांगतात. रे ब्रॅडबरीच्या १९५३ च्या ‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये लोकांच्या कानांत शिंपल्याएवढे चिमुकले रेडिओ कायम कुजबुजत असतात. आजचे इअरबड्स आठवले ना?

पण त्याच कादंबरीच्या शेवटी पुस्तकं टिकून राहतात तीही आवाजानंच. पुस्तकं जाळणाऱ्या राज्यात काही माणसं एकेक ग्रंथ मुखोद्गत करून जंगलात राहतात आणि तो पुढच्याला म्हणून दाखवतात. वेदपठण आणि वारीतले पाठ अभंग यांच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी नाही. कानात काय सोडायचं, हे आपणच निवडायचं आहे.

१५. एकाच दिवशी सुटलेल्या जोड्या

आता सगळ्यांत झकास योगायोग. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि त्या वर्षाच्या अखेरीस संपतो. ऑर्वेल २१ जानेवारी १९५० ला गेला. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. म्हणून ‘श्यामची आई’ आणि ‘१९८४’ ही दोन पुस्तकं भारतात एकाच दिवशी सर्वांसाठी मुक्त झाली : १ जानेवारी २०११.

दुसरी जोडी याहून नवलाची. ‘नार्निया’चा सी. एस. लुईस आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चा हक्सली हे दोघं २२ नोव्हेंबर १९६३ या एकाच दिवशी गेले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्यामुळे दोघांच्या बातम्या मागे पडल्या. त्यांची मूळ पुस्तकं भारतात १ जानेवारी २०२४ पासून मुक्त आहेत. दोन्ही वेळा एक मुलांचं आणि एक डिस्टोपियन!

ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा कॉपीराइट १९९१ च्या अखेरीस संपत आला, तेव्हा ती वाढवून ६० केली गेली.

तरी सावध असा. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, चित्रांवर चित्रकाराचा. ऑर्वेलचा जुना छापील मराठी अनुवाद परवानगीशिवाय वाचून प्रसिद्ध करता येणार नाही. तुम्ही स्वतः केलेला अनुवाद मात्र खुशाल प्रसिद्ध करता येईल. टोल्किनसाठी २०३४ पर्यंत थांबावं लागेल, ब्रॅडबरीसाठी २०७३ पर्यंत.

देशागणिक नियमही वेगळे. ‘लिब्रीव्हॉक्स’ ही स्वयंसेवकांच्या आवाजातली मोफत ऑडिओबुकं देणारी संस्था ह्यू मॅकग्वायर यांनी २००५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलहून सुरू केली. तिथलं पहिलं पुस्तकही कॉनरॅडचंच निघालं. तिथे कुणीही वाचू शकतं, उच्चार गावचा असला तरी चालतो, पैसे कुणालाच मिळत नाहीत. पण ती अमेरिकेचा कायदा पाळते. त्यामुळे भारतात मुक्त असलेलं ‘१९८४’ तिथे नाही, आणि भारतात २०३० अखेरपर्यंत बांधलेली फॉर्स्टरची कथा तिथे आहे. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी दोन प्रश्न विचारायचे : लेखक कधी गेला आणि फाइल कुठल्या देशातल्या संकेतस्थळावर ठेवणार?

१६. ‘चार’ आणि ‘चारा’ यांचं गुपित

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना या सगळ्याची गरज सर्वांत जास्त आहे. जबलपूरमधलं मराठी मूल हिंदीमुळे देवनागरी भराभर वाचतं. पण ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च कागदावर सारखेच दिसतात, उच्चारात वेगळे असतात. ‘ज’ आणि ‘झ’चंही तसंच. ‘ळ’ तर शाळेतल्या हिंदीत भेटतच नाही. हे फरक लिपी सांगू शकत नाही, आवाजच सांगतो. परदेशातल्या मराठी मुलांचं दुखणं नेमकं उलटं : घरचं बोलणं कळतं, अक्षरं ओळखू येत नाहीत. दोघांनाही औषध एकच, रेकॉर्ड केलेलं वाचन.

मराठीला हा मार्ग नवा नाही. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आधी आकाशवाणीवर मुलांना ऐकू आला आणि मग पुस्तकांत आला. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनानं गावोगावची मैदानं भरवली. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. ऐकणारा मराठी माणूस कायमच हजर आहे. मुलांसाठी वाचणारे मात्र आणखी कितीतरी हवेत.

तर मग, कसं कराल?

स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बसा. कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. पंखा बंद, फोन ‘एअरप्लेन मोड’वर. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटकारा येत नाही. आधी एक मिनिट वाचून ऐका, मग पुढे जा. चुकलात तर थांबू नका. एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पुन्हा वाचा. नंतर टाळीच्या खुणेवरून चूक कापता येते. एका फाइलमध्ये एकच प्रकरण ठेवा. सुरुवातीला पुस्तक, लेखक, प्रकरण आणि वाचणाऱ्याचं नाव सांगा.

आठ वर्षांखालच्या मुलांसाठी दहा-बारा मिनिटं पुरेत. त्यांच्यासाठी किपलिंगच्या प्राण्यांच्या गोष्टी घ्या. आठ ते बारा वयाला श्यामच्या रात्री आणि फॉगचा हत्ती. बारा-तेरापासून ‘ॲनिमल फार्म’, आणि पंधरापुढे ‘१९८४’. हे शेवटचं मुलांना एकटं ऐकायला देऊ नका. शेजारी बसून ऐका, मध्ये थांबवा, त्यांना प्रश्न विचारू द्या. भीतीचं पुस्तक मोठ्या माणसाच्या सोबतीनं ऐकलं की मुलं घाबरत नाहीत, विचार करायला लागतात. मुलांच्या गोष्टी प्रेम कसं करावं हे शिकवतात आणि डिस्टोपिया त्या प्रेमाचं रक्षण का करावं लागतं ते दाखवतात. वाढत्या मुलाला दोन्ही हवीत.

‘श्यामची आई’वर आज कुणाची मालकी नाही, फोन प्रत्येक घरात आहे आणि मराठी ऐकायला आसुसलेली मुलं जबलपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली आहेत. या रविवारी ‘रात्र पहिली’ वाचा, रेकॉर्ड करा आणि आपल्या माहितीतल्या एका मुलाला पाठवून द्या. उरलेल्या एक्केचाळीस रात्री ते मूल स्वतः मागून घेईल.